गोळीवर चतकोर

चाळीस माणसांच्या पंगतीत बसून अर्ध्या मिनिटात जेवण उरकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी दगडूअण्णा कंपाउंडर. पत्रावळीवर भात पडायच्या आत ते तपकिरीच्या डबीतून सुपारीएवढी गोळी काढत, तोंडात टाकत, वर तांब्याभर पाणी पीत आणि जाहीर करत, "झालं माझं!" पण पंगत उठेपर्यंत उठायचं नाही, ही आपली रीत. मग बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत अण्णा त्यांना भविष्य सांगत बसत.

"पुढं हेच हाय, गुरुजी," ते मला म्हणत. मी तेव्हा खर्डा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि आईला घेऊन त्यांच्या शेजारच्याच खोल्यांत राहत होतो. "चंद्रावर मानसं गेली, तवा काय चूल घेऊन गेल्ती? जेवन म्हंजी औशद. डोस घ्यायचा, कामाला लागायचं!"

दवाखान्यात पुड्या बांधण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात. भाजलेले हुलगे, शेंगदाणे आणि गूळ खलबत्त्यात कुटून ते गोळ्या वळत. चव वाईट नव्हती. एकदा मी त्या गोळ्यांना लाडू म्हणालो, तर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. रेशनवर मिलो नावाचा परदेशी लाल जोंधळा आला. त्याची भाकरी थापताना मोडे आणि गिळताना अडे. अण्णांना वाटलं, आता आपली वेळ आली. त्यांनी चावडीपुढे सभाच घेतली. पुढं अन्न कारखान्यात होईल, चुली विझतील, शेतीची गरजच उरणार नाही.

"मंग आमी करायचं काय?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"झोपायचं."

साऱ्या भाषणातली एवढी एकच गोष्ट सभेला पटली. मग अण्णा डबाभर गोळ्या घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांकडे गेले. एक म्हातारी सात गोळ्या खाऊन म्हणाली, "ग्वाड हाईत रं. आता भाकर कवा देतुस?"

अण्णा स्वतः मात्र दोन्ही वेळा गोळीवरच राहत. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हळूहळू सदरा अंगावर लोंबायला लागला. "ह्यो मानूस पुढची दिवाळी बघत न्हाई," आई म्हणायची. तिनं दोनदा भाकरी पाठवली, दोन्ही वेळा फडक्यासकट परत आली.

आणि तरीही दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो, की अण्णा हटकून हजर. उंबऱ्याशी बसत. "तुमी जेवा. मी निस्तं बघतो. जुनी पद्धत हाय, बघून ठिवावी." आईनं ताट घ्यायला सांगितलं, की डबी उघडत, गोळी टाकत आणि "झालं माझं!" मला राग येई. आपल्या घासाकडे कुणी टक लावून बघितलेलं मला खपत नाही.

एका संध्याकाळी त्यांनी गोळी तोंडात टाकली, तशी आई म्हणाली, "एकच? आनखी एक घ्या की, भाऊ."

"बास. एकात समदं अस्तंय."

"आसंल. पर माझ्या घरात एकावर उठायचं न्हाई. घ्या. माझी आन हाय."

अण्णांनी दुसरी गोळी काढून तोंडात टाकली आणि चावता चावता ते थांबले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"पाच वर्सं झाली, आक्का," ते म्हणाले. "'आनखी घ्या' म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाई. भाकरी मला थापता येती की. पर वाढून घेऊन एकटाच बसलो, की घास उतरत न्हाई. गोळीला बसावं लागत न्हाई."

मला माझ्या रागाची लाज वाटली. आईनं लाल भाकरीचा चतकोर मोडून आमटीसोबत त्यांच्यापुढे सारला. "गोळीवर एवढा घ्या." अण्णांनी तो खाल्ला. मग आणखी एक.

अर्थात तत्त्व त्यांनी सोडलं नाही. रोज आधी गोळी, मग "झालं माझं!", मग आईचा आग्रह, मग दीड भाकरी. एखाद्या दिवशी आई कामाच्या नादात आग्रह करायला विसरली, तर अण्णा उठून जात नसत. डबी हातात धरून, चुलीकडे बघत तसेच बसून राहत. मग मीच म्हणे, "अण्णा, आणखी एक घ्या की."