चिरागच्या बदल्यात

"आजोबा, चिरागला दिलंत तर कोपऱ्यात कोण उभं राहणार?" कस्तुरीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"पकड शिकवता येते गं. चढाई अंगात असावी लागते," हरिदासगुरुजी म्हणाले.

कराडच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी मुलाकडे बहरीनला आले आणि थोड्याच दिवसांत इमारतीमागच्या वाळूत त्यांनी कबड्डीचं मैदान आखलं. मुलं पोरकी असल्यासारखी मोबाईलला चिकटून बसायची, ती आता गुडघे फोडून घरी येऊ लागली. नात कस्तुरी कप्तान झाली. मुहर्रक भागातल्या मुलांशी सामने सुरू झाले, आणि कस्तुरीचा संघ नेमाने हरू लागला. गुरुजींचं परतीचं तिकीट आता पुढच्या बुधवारचं होतं. जाण्यापूर्वी पोरीला एकदा तरी जिंकलेलं बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

म्हणून त्यांनी अदलाबदल ठरवली. आपला चिराग मुहर्रकला द्यायचा आणि त्यांचा विश्वजीत घ्यायचा. चिरागने एकदा घोटा धरला की आईने जेवायला हाक मारेपर्यंत तो सोडत नसे. पण विश्वजीत चढाईला गेला की दोन गडी मारूनच परतायचा. मुहर्रकची कप्तान इरम लगेच "ठीक है अंकल" म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, तेव्हाच गुरुजींनी सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारच्या सामन्याच्या दोन दिवस आधी ते विश्वजीतला सरावाला न्यायला गेले, तर दारातच त्याची आई ज्योत्स्ना बॅगांचं वजन करत होती.

"अहो काका, आम्ही शुक्रवारी दुपारच्या विमानाने निघालो की! ह्यांची लीव्ह केव्हाच सँक्शन झालीय."

"इरमला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? बॅगेवर बसून चेन तिनेच लावून दिली!"

गुरुजी जिन्यातच बसले. इथे माणूस घेण्याआधी त्याच्या बापाची रजा विचारायची असते, हे त्यांना कोण सांगणार?

राखीव म्हणून एकटी तेजस्वी उरली. तिला कोपऱ्यात उभं केलं, तर कोणी जवळ आलं की गुदगुल्या होऊन ती आधीच आडवी पडायची. तरी गुरुजींनी न रागावता तिच्याकडून घोटा धरायचा सराव करून घेतला. शुक्रवारी सकाळी नेमका तिला ताप भरला.

सामना मुहर्रकला, विमानतळाजवळच्या मोकळ्या जागेत होता. डोक्यावरून एक विमान गेलं.

"तो बघा, आपला चढाईवाला," कस्तुरी म्हणाली. "आता आपण फक्त सहा. खलास."

गुरुजींनी पँट दुमडली आणि मनगटावरचं घड्याळ काढून पंच झालेल्या जमालुद्दीनच्या, म्हणजे इरमच्या वडिलांच्या, हातात दिलं. हे करायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. कराडच्या संघात ते कायम राखीव. खेळणाऱ्यांची घड्याळं सांभाळायला त्यांच्याकडे असत. दोन्ही हात कोपरापर्यंत घड्याळांनी भरलेले आणि पायांना मात्र माती नाही.

"अंकल खेलेंगे?" इरम हसली. "फिर अंकल कच्चा लिंबू!"

हा नियम त्यांनीच शिकवलेला. कच्चा लिंबू खेळतो, पण बाद होत नाही आणि कोणाला बाद करतही नाही. गुरुजी मुकाट्याने चिरागच्या कोपऱ्यात उभे राहिले.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत आला. चढाईला आला खुद्द चिराग. सवयीने आपल्या जुन्या कोपऱ्याकडे सरकला आणि गुरुजींनी वाकून त्याचा घोटा धरला. इतकी वर्षं रेषेबाहेरून पाहिलेली ती पकड हातांनी बरोबर साधली.

"सोडा ना आजोबा!"

"सोडायला शिकवलं होतं का रे मी तुला?"

मदतीला कस्तुरी धावली. चिरागने तिला हात लावला, पण रेषेपर्यंत काही त्याला पोचता येईना. जमालुद्दीनने शिटी तोंडाशी नेली आणि थांबला. सगळे कस्तुरीकडे बघू लागले.

तिने आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, सोडा त्याला. कच्च्या लिंबाची पकड धरत नाहीत."

गुरुजींनी हात सोडले. चिराग रेषेपार गेला. कस्तुरीचा संघ एका गुणाने हरला.

गुरुजी वाळू झटकत उठले. हरल्याचं वाईट वाटत होतं, पण पोरीने स्वतःविरुद्ध नियम पाळला म्हणून ऊरही भरून आला होता. इतक्यात इरम आली.

"कस्तुरी, चिराग वापस ले लो. अंकल हमको दे दो. कच्चा लिंबू नहीं, पक्का खिलाएंगे."

अडुसष्टाव्या वर्षी कोणीतरी आपल्याला मागतंय! गुरुजींचे कान लाल झाले.

"नेक्स्ट फ्रायडेपासून?" कस्तुरीने विचारलं.

"हां."

"डील."

"अगं, पण माझं..." गुरुजी बोलणार, तोच कस्तुरीने त्यांच्या पायावर पाय दिला.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "अगं, बुधवारी तर मी चाललो."

"आय नो, आजोबा," कस्तुरी खिडकीतून चिरागला हात करत म्हणाली. "फक्त बॅगेची चेन लावायला इरमला बोलवायचं नाही."