पांढऱ्या झेंड्यांची जागा

जागा घ्यायची ठरवली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, मानोऱ्याच्या एका कापसाच्या जिनात कारकून होतो, आणि मला सगळं कळत होतं. (पुढं ते कमी होत गेलं. आता अठ्ठाविसाव्या वर्षी फारच थोडं उरलं आहे.)

खरं म्हणजे जागा कस्तुरानं आधीच पाहून ठेवली होती. कस्तुरा म्हणजे आमचं कुटुंब. आम्ही थोरल्या भावाच्या घरी राहायचो, आणि तिथल्या चुलीवर राज्य वहिनीचं. कस्तुरानं कांदा चिरायला घेतला की "एवढा कायले?" हे ठरलेलं. बाजारात इस्माईल शिंप्याच्या दुकानामागं दोन खोल्यांपुरती जागा विकायची होती, शेजारी गोड्या पाण्याची विहीर. इस्माईलच्या बायकोनं, सुलतानबीनं, ती आमच्यासाठी महिनाभर धरून ठेवायचं कबूल केलं होतं.

"मले मोठं काही नाही पायजे," कस्तुरा मला म्हणाली. "माह्या चुलीले एक दार पायजे. आतून लावता येईन असं."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुठं दिसणार नाही.

त्या साली दारव्ह्यापर्यंत आलेली छोटी आगगाडी आमच्याकडं वळणार अशी हवा होती. जिनात दुसरं बोलणंच नव्हतं. माघात मी कामासाठी बैलबंडीतून पोहरादेवीच्या रस्त्यानं चाललो होतो, तेव्हा एका नाल्याकाठी मला झेंडे दिसले. उंच बांबूंवर, एका ओळीत, रस्त्यापासून थेट नाल्यापर्यंत, आणि आजूबाजूला पडीक रान. रेल्वेची मोजणी करणारे झेंडे लावतात हे मी ऐकून होतो. ते लाल असतात, हेही ऐकून होतो, आणि हे तर पांढरे होते. पण उन्हानं रंग उडाला असेल, असं मी रेल्वेच्या वतीनं समजून घेतलं.

बंडी मानोऱ्याला पोचेपर्यंत माझा बेत तयार होता. ही जागा घ्यायची, स्टेशन झालं की तिप्पट भावानं विकायची, आणि मग कस्तुराला ओसरीसकट घर बांधून द्यायचं. तिला सांगावं असं एकदा वाटलंही. पण ती विहिरीवर बोलेल, विहिरीवरून ते गावभर होईल, आणि भाव चढेल. झेंडे कशाचे, एवढं बंडीवाल्याला विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारलं की गुपित फुटतं, म्हणून मी कुणालाच विचारलं नाही.

जागेचा मालक इंद्रभान, पन्नाशीतला शेतकरी. मी जागा विकत मागितली, तसा तो माझ्याकडं तापात बरळणाऱ्याकडं पाहावं तसा पाहू लागला. त्यात सारा मुरूम आहे, काही पिकत नाही, असं त्यानं सांगितलं. मी मनात हसलो. स्टेशनात कुठं ज्वारी पेरायची होती? मी भाव वाढवला. मग तो म्हणाला की चैत्रात तिथं माणसांची फार गर्दी होते, तुम्हाला त्रास होईल. गर्दी म्हटल्यावर तर मला राहवेना. मी आणखी भाव वाढवला. तेव्हा त्यानं बिडी विझवली.

"बाबू, त्या जागेसंग पान्याचं काम येते. ज्याची जागा, त्याले पोहरादेवीच्या जत्रेच्या लोकायले पानी पाजा लागते. माह्या बापानं पाजलं, मी पाजून राह्यलो. तुमी नोकरीवाले, तुमच्याच्यानं होनार नाही."

इतका सरळ माणूस मी कधी पाहिला नव्हता, म्हणून तो नक्की बेरकी असणार असं मी ठरवलं. विकायला नाही म्हणतो, म्हणजे रेल्वेची बातमी यालाही लागली आहे. मी तिसऱ्यांदा भाव वाढवला. त्यावर तो देवाचीच इच्छा दिसते असं काहीसं पुटपुटला, आणि कागद झाला.

इकडं महिना भरला. सुलतानबीनं आणखी आठ दिवस वाट पाहिली, मग ती जागा दुसऱ्याला गेली. त्या संध्याकाळी मी कस्तुराला सगळं सांगितलं आणि वर स्टेशनासमोरच्या बंगल्याचंही वचन दिलं. ती उठून वहिनीच्या चुलीकडं गेली.

रामनवमीच्या आदल्या दिवशी मी तिला जागा दाखवायला नेलं. लांबूनच बंड्या दिसल्या. माझ्या जागेत वीस-पंचवीस बंड्या सुटल्या होत्या, बैल माझ्याच मुरमावर रवंथ करत होते, आणि जवळच्या बंजारा तांड्यातली एक म्हातारी जुने झेंडे उतरवून नवे बांधत होती. धनीबाई तिचं नाव. रेल्वेच्या झेंड्यांना हात कायले लावता, असं मी तिला जरा सरकारी आवाजात विचारलं.

"रेलचे कायचे? आमच्या तांड्याचे हायेत," ती म्हणाली. "जत्रेले दुरून येनाऱ्याले पान्याची वाट दिसली पायजे, म्हनून दरसाल नवे लावतो." मग तिनं मला नीट न्याहाळलं. "इंद्रभानची जागा तूच घेतली का? बरं झालं आला. रांजन रिकामे हायेत."

कस्तुरानं आधी झेंड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आता ही रडेल, नाही तर बंडी माहेराकडं वळवायला सांगेल, असं मला वाटलं. तिनं पदर खोचला आणि घागर उचलली.

"त्यायले तहान लागली हाये," ती म्हणाली. "तुमचं मंग पाहू."

तीन दिवस मी नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी वाहिलं. हाताची सालटी निघाली. कस्तुरानं धनीबाईशेजारी तीन दगडांची चूल मांडली होती. तिसऱ्या दिवशी तिथून हसण्याचा आवाज आला आणि मी घागर घेऊन तसाच उभा राहिलो. ती कस्तुरा होती. आमच्या घरात मी तिला वर्षभर असं हसताना ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

गाडी काही आली नाही. जागा कुणी घेईना. शेवटी पुढच्या साली आम्ही तिथंच एक खोली बांधली. भिंतींना तांड्यातली माणसं आली, आणि दार मी स्वतः बसवून घेतलं, आतून लागणारं. कस्तुरा ते वर्षभर लावते आणि चैत्रात उघडं ठेवते. मी जिनात जाऊन-येऊन दोन कोस चालतो.

यंदा फाल्गुनात कारंज्याचा एक तरुण बंडीतून उतरला. सोबत नवी नवरी. तो झेंड्यांकडं चोरून पाहत होता आणि जागेचा भाव अगदी सहज विचारत होता. ती नजर मी ओळखली. इस्माईलच्या दुकानामागची जागा पुन्हा विकायला निघाली होती, ही विकली तर ती घेता आली असती, हे मला ठाऊक होतं, कस्तुरालाही ठाऊक होतं. मी त्याला खरं तेच सांगितलं: मुरूम आहे, गर्दी होते, पाणी पाजावं लागतं. दर वेळी तो गालात हसला आणि भाव वाढवत गेला. झेंड्यांचं तेवढं मी बोललो नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची नवरी आतून पाणी पिऊन आली. तिनं कस्तुराला सरळच विचारलं होतं.

"अहो, ते झेंडे जत्रेचे हायेत," ती नवऱ्याला म्हणाली. "वैनीनं सांगतलं."

पोराचा चेहरा उतरला, मग हायसं वाटून उजळला. कस्तुरा तांब्या घेऊन दारात आली होती. तो तिला म्हणाला, "वैनी, तुमच्या गळ्यात ही जागा कोनी मारली? मोठा लबाड असंन."

"नाही जी. लय भला मानूस होता," कस्तुरा म्हणाली. "त्यानं तीनदा खरं सांगतलं."

"मंग घेनाऱ्याले आयकू येत नव्हतं काय?"

"आता येते," कस्तुरा माझ्याकडं न पाहता म्हणाली. "रांजन रिकामा हाये म्हटलं का बराबर आयकू येते."

मी घागर उचलली.