चौथी शिट्टी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून काय लुटतात? स्टीलची वाटी, प्लॅस्टिकचा डबा, फार तर उदबत्तीचं घर. आमच्या शैलाकाकूंनी शिट्ट्या लुटल्या. नारिंगी रंगाच्या, दोरी ओवलेल्या, कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या. सिएटलजवळच्या आमच्या बॉथेलमधल्या झाडून साऱ्या मराठी बायका त्या संध्याकाळी पैठणी नेसून, नथ घालून आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी शिट्टी अडकवून घरी परतल्या. तीळगूळ हातावर ठेवताना काकू "गोड बोला" म्हणाल्याच नाहीत म्हणे. "तीळगूळ घ्या, आणि अडकले तर वाजवा," असं म्हणाल्या.

माझी बायको मुक्ता घरात शिरली तेव्हा मी विचारलं, की काय, पी.टी.च्या बाईंची नोकरी मिळाली का? तिनं पर्समधून दुसरी शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. काकूंनी खास माझ्यासाठी पाठवली होती. निरोप होता, "त्या पुणेकराला आधी दे. सगळ्यात जास्त तोच पडते."

पुणेकर म्हणजे मी. मला आईवडिलांनी ठेवलेलं एक बरं नाव आहे, पण काकूंनी ते कधी वापरलं नाही. त्या मूळच्या नागपूरच्या. तीसेक वर्षं अमेरिकेत काढली, पण "करून राहिले" आणि "काहून" त्यांनी कस्टममधून सुखरूप बाहेर काढलं ते आजतागायत शाबूत आहे. इथल्या एका औषधांच्या लॅबमध्ये सेफ्टी बघण्याचं त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्या, पण सेफ्टी निवृत्त झाली नाही. काका गेल्यावर लोकांना वाटलं, की आता हळदीकुंकू बंद होणार. काकूंनी सांगून टाकलं, की कुंकू लावायला नवरा लागत नाही, बोट लागते. विषय संपला.

मुलगा फ्रिस्कोला असतो. आई, इकडे ये, असं फोनवर सारखं म्हणतो. काकूंचं ठरलेलं उत्तर आहे, "टेक्ससमध्ये बर्फ कुठे आहे बाप्पा?" आता गंमत अशी, की ज्या बर्फासाठी या बाई पोटच्या पोराकडे जात नाहीत, त्या बर्फावर त्यांनी जन्मात कधी स्की घातलेली नाही.

आमची घरं एकमेकांना चिकटलेली. भिंत एकच. आम्ही राहायला येऊन दोन वर्षं झाली, पण भिंतीपलीकडून कधी भांडं वाजल्याचासुद्धा आवाज नाही. इतकी शांत शेजारीण मिळायला भाग्य लागतं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो.

थंडी पडली, की आमचा मराठी ग्रुप शनिवारी डोंगरावर स्कीइंगला जातो. पहाटे गाड्या निघतात. पहिल्या गाडीत पुढच्या सीटवर काकू असतात. अंगात काकांचा जुना पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, तो त्यांना गुडघ्यापर्यंत येतो. मांडीवर चहाचा भलामोठा थर्मास. पार्किंगमध्ये उतरलं, की तपासणी सुरू. काकू एकेकाच्या हेल्मेटवर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात, बाजारात नारळ घेताना करतात तसं. मग हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघतात. माझ्यापाशी आल्या, की हमखास म्हणणार, "डोकं देवानं एकच दिलं, आणि तेही तुला पुरतं दिलं की नाही ठाऊक नाही. पट्टा लाव."

त्यांचे नियम असे जागोजागी पेरलेले असतात. उतारावर पुढच्याचा मान पहिला, कारण त्याच्या पाठीला डोळे नसतात. उंचवट्याखाली थांबून सेल्फी काढायचा नाही. धोक्याच्या जागी दोरी बांधलीय म्हणजे बांधलीय, पलीकडे काय आहे ते बघायला जायचं नाही. झाडाच्या बुंध्यापाशी बर्फ वरून भरलेला दिसतो, आतून पोकळ असतो. तिथे माणूस गेला, की विहिरीत गेल्यासारखा जातो. हे शेवटचं त्या इतक्यांदा सांगायच्या, की आमची ईरा, वय वर्षं दहा, घरातल्या ख्रिसमस ट्रीपासूनसुद्धा हातभर लांब बसायची.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे जोडी. एकट्यानं कुणी वर जायचं नाही. जोड्या काकू लावणार. नवराबायकोची जोडी कधीच लावत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, की ते एकमेकांकडे बघत नाहीत. त्यामुळे माझी जोडी कायम ईराबरोबर. ती उतारावरून सुरीनं लोणी कापावं तशी जाते. मी लोणी असतो.

एकदा तर त्यांनी स्नोबोर्ड शिकणाऱ्यांना घरी बोलावून दिवाणखान्यात गाद्या घातल्या आणि पडायचे धडे दिले. उभं राहायला कुणीही शिकवेल म्हणाल्या, पडायला कोण शिकवते? हात टेकून पडलं, की मनगट जातं. मुठी आवळायच्या आणि बुडावर बसायचं. पासष्टीच्या या बाईंनी स्वतः धप्पकन पडून दाखवलं. मी पडलो तेव्हा म्हणाल्या, "वा. एवढं एकच काम तू मनापासून करून राहिला."

परक्यांनाही सुटका नाही. एकदा एका धिप्पाड दाढीवाल्या स्नोबोर्डरचा पट्टा लोंबत होता. काकूंनी त्याची बाही धरली. "बेटा, बकल," एवढंच म्हणाल्या. मी दुसरीकडे बघायला लागलो. आता हा माणूस काय बोलतो, आणि आपल्याला मध्ये पडावं लागतं की काय, या विचारानं माझी पाचावर धारण बसली. त्यानं निमूट बकल लावलं. पुढच्या शनिवारी तो आपणहून काकूंसमोर हनुवटी वर करून उभा राहिला. काकूंनी टकटक केलं, पास केलं आणि वर चहा पाजला.

मग दिवसभर त्या खाली, उतार संपतो तिथे उभ्या. आम्ही जोडीजोडीनं वर जायचो, जोडीजोडीनं खाली यायचो. प्रत्येक जण आला, की त्या मान हलवायच्या. सगळे आले, की मगच बसायच्या.

आता फेब्रुवारीतली ती गोष्ट सांगतो. हल्ली काकूच ती प्रत्येक पार्टीत सांगतात, आणि तिच्यात माझी जागा काही फारशी मानाची नाही.

लाँग वीकेंडला आम्ही डोंगराच्या पायथ्याशी मोठं केबिन घेतलं होतं. काकूंनी जाहीर केलं, की शनिवारी रात्रीची खिचडी मी करणार. त्यासाठी घरून आपला जुना दहा लिटरचा कुकर घेऊन निघाल्या. गाडीत तो माझ्या मांडीवर होता. दिवसभर स्कीइंग झालं, दुपार कलली, पोरं केबिनमागच्या उतारावर घसरगाडी खेळून आत आली. मुक्ता काकूंच्या मदतीला म्हणून स्वयंपाकघरात गेली होती. मी सोफ्यावर आडवा होतो. अंगातलं एकेक हाड आपापला पत्ता सांगत होतं.

तेवढ्यात शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी.

तीन शिट्ट्या म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आईच्या पोटात असल्यापासून तो त्या ऐकत असतो. मी उठून बसलो आणि म्हणालो, की चला, खिचडी झाली. इतरांचंही मत तेच पडलं. कुणी कागदी प्लेट्स मांडल्या, कुणी पापडाचा डबा उघडला, कुणी तूप शोधायला लागला.

ईरा मात्र खिडकीशी उभी राहून कान देत होती. या पोरीच्या जन्मापासून आमच्याकडे वरणभात बटणाच्या भांड्यात होतो. ते भांडं शिट्टी देत नाही, बीप देतं. ती वळून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट फूड."

मी म्हटलं, की बाळा, हे तुला नाही कळायचं, हा आपल्या संस्कृतीचा आवाज आहे. तेवढ्यात पुन्हा तीन शिट्ट्या झाल्या. मी म्हटलं, आज काकू जरा जास्तच शिजवून राहिल्यात वाटतं. स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा.

मुक्ता हातात डाव घेऊन बाहेर आली. म्हणाली, "कसला कुकर? त्याची रिंग वाळून लाकूड झालीय. मी मघाशीच खिचडी पातेल्यात टाकलीय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग खोलीत कोण नाही, आणि डोंगरावर तीन शिट्ट्या म्हणजे मदतीची हाक असते, हे एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं.

आम्ही कसे धावलो, ते मला आठवत नाही. केबिनच्या मागे, पोरं घसरत होती त्या उताराच्या कडेला फरची झाडं होती. तीन झाडांना लाल साडीच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. चौथ्या झाडाखाली बर्फातून काकूंची टोपी, तोंड आणि एक हात वर होता. हातानं फांदी धरलेली, तोंडात नारिंगी शिट्टी. उद्या पोरं पुन्हा खेळणार, ती या झाडांकडे येऊ नयेत म्हणून खूण बांधायला त्या आल्या होत्या, आणि चौथी पट्टी बांधता बांधता त्यांचीच पावलं पोकळ बर्फात गेली होती. गळ्यापर्यंत.

आम्ही दिसलो तेव्हा त्यांनी शिट्टी तोंडातून टाकली आणि पहिला हुकूम सोडला, की सगळ्यांनी एकदम जवळ येऊ नका, फावडं आणा, घसरगाडी आडवी टाका. त्यांनीच सांगितलं तसं आम्ही खणलं, घसरगाडीवर पालथं पडून त्यांना ओढून काढलं. ओठ निळे पडले होते. मी इतका घाबरलो होतो, की मला राग आला. मी जवळजवळ ओरडलोच, "काकू, एकट्यानं जायचं नाही हे तुम्हीच सांगता ना? तुमची जोडी कुठे होती?"

 काकूंनी अंगावरचा बर्फ झटकला. मग म्हणाल्या, "माझी जोडी कुठून आणू रे, पुणेकर?"

हसतच म्हणाल्या. पण ईरानं त्यांचा हात धरला, तो आत येईपर्यंत सोडला नाही.

शेगडीपुढे बसवून, दोन रजया गुंडाळून, चहा पाजून झाला, तेव्हा त्यांच्या तोंडाला रंग आला आणि जीभही परत आली. मी ताटं मांडून बसलो होतो हे ईरानं त्यांना सांगून टाकलं. काकू इतक्या हसल्या, की चहा सांडला. म्हणाल्या, की मी तिथे मरून राहिली, आणि हा पापड भाजून राहिला. मग विषय बदलावा म्हणून मुक्तानं कुकरचं काढलं. तुमची रिंग पार गेलीय हो काकू, किती दिवसांत लावला नाही?

"एकटीसाठी कुठे कुकर लावते बाई," काकू म्हणाल्या. "मूठभर तांदूळ. वाटीत टाकते मायक्रोवेव्हमध्ये, झालं. काका गेले तेव्हापासून घरात शिट्टी नाही झाली."

अगदी साधेपणानं म्हणाल्या, भाजी महाग झाली म्हणावं तसं.  भिंतीपलीकडची ती शांतता, जिचं मी येणाऱ्याजाणाऱ्यापाशी कौतुक करत होतो, ती ही होती.

बॉथेलला परतल्यावर मुक्तानं देसी दुकानातून नवी रिंग आणली. काकूंच्या कुकरला बसवून दिली आणि वर सांगून आली, की गुरुवारी आम्ही तिघं तुमच्याकडे जेवायला. काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. त्या गुरुवारी भिंतीपलीकडून पहिली शिट्टी आली, तेव्हा मुक्ता हातातलं काम टाकून उभी राहिली. तिसरी झाल्यावर आम्ही दही घेऊन निघालो. तेव्हापासून दर गुरुवारी हे चालू आहे.

काकूंनी डोंगरावरच्या नियमांत मात्र दुरुस्ती केली. पार्किंगमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं, "जगासाठी तीन शिट्ट्या. आपल्या लोकांसाठी चार. तीन ऐकल्या की आपले लोक जेवायला बसतात." हे सांगताना बघत माझ्याकडेच होत्या.

आणि परवाची गोष्ट. गुरुवार नव्हता, मंगळवार होता. मी कॉलवर होतो, ईरा गृहपाठ करत होती. भिंतीपलीकडून शिट्टी झाली. आज कशी काय, असं वाटलं, पण काकू स्वतःपुरताही कुकर लावायला लागल्या म्हणून बरंच वाटलं. दुसरी झाली. तिसरी झाली.

चौथी झाली.

मी कॉल तसाच टाकला. ईरा माझ्याही पुढे होती. मुक्ता जिन्यावरून धडधडत उतरली. काकूंनी आम्हाला दिलेली किल्ली दाराला लागेना, मग लागली. आम्ही स्वयंपाकघरात घुसलो, तर काकू शेगडीपाशी उभ्या, हातात झारा.

"छोले आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना चार लागतात."

 काकूंनी आमच्या तिघांच्या पायांकडे बघितलं. बाहेर पाऊस होता आणि कुणाच्याही पायात काही नव्हतं. फरशीवर ओले पाय उमटले होते, दारापासून थेट त्यांच्यापर्यंत.

"एवढे धावत आले?" काकूंनी विचारलं. मग तोंड फिरवून शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या.

पाचवी शिट्टी झाली, सहावी झाली. आयुष्यभर लोकांची सेफ्टी बघणाऱ्या बाईंना गॅस बंद करायचं सुचलं नाही. शेवटी तो मुक्तानं केला.