उजवीकडून वाच

काशिनाथमामा नवा माणूस भेटला की एक डोळा मिटायचे. फळी सरळ आहे की वाकडी हे सुतार जसं कडेला डोळा लावून पाहतो, तसं ते माणसाला पायापासून डोक्यापर्यंत पाहायचे आणि निकाल सांगायचे. मोजमाप सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझा निकाल पहिल्याच भेटीत लागला.

"मास्तर, तुम्ही दीड सूत डावीकडं हाय. पण चालंल. वापरात सरळ व्हताल."

मी लासूर स्टेशनच्या शाळेत शिकलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. औरंगाबादला शाळेत नोकरी लागली, पण एकट्या पोराला खोली कोणी देईना. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मामांचं खरादीचं दुकान होतं. दुकानावरची खोली त्यांनी मला दिली. मी तिथे सहा वर्षं राहिलो. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. मामांनी कुठलंही काम वेळेवर दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

खरादीवर लाकूड फिरवून ते पाळण्याचे खांब, लाटणी, पलंगाचे पाय करायचे. काम असं गुळगुळीत की लाटणं हातातून निसटावं. पण पाळणा घरी पोचेपर्यंत बाळ उठून बसलेलं असायचं. एकदा एक बाई तणतणत आली.

"मामा, पाळणा झाला का? पोरगं रांगाया लागलं!"

"लई झ्याक. म्हंजी आता पडायची भीती नाय."

"अवो, पर निजवू कशात?"

"एका खांबात अर्धा सूत फरक हाय, बाई. तुमच्या लेकराला वाकड्यात निजवू व्हय?"

बाई बिचारी आपलंच चुकल्यासारखी परत गेली. समोरचे बांगडीवाले रशीदभाई दुकानातून ओरडायचे, "काशिनाथ के यहाँ बाप ने ऑर्डर देना, पोते ने माल लेना!"

"हौ," मामा म्हणायचे, "मगर पोता खुश रहता!"

मामांना लिहिता-वाचता येत होतं, पण उर्दूत. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूत झाली. पाचवीत असताना पोलीस ॲक्शन झाली आणि शाळेची भाषा बदलली. "आता परत पैल्यापासून अक्षरं कोण गिरवणार?" म्हणून ते बापाच्या खरादीवर बसले, ते बसलेच. दुकानाच्या भिंतीवर गिऱ्हाइकांची नावं आणि मापं खडूनं उर्दूत लिहिलेली असत. देशपांडेवकिलांच्या टेबलाचे पाय तीन वर्षं त्या भिंतीवर उर्दूत उभे होते.

त्यांची एकुलती मुलगी शकुंतला वैजापूरला दिली होती. तिला उर्दू येत नव्हती, यांना मराठी लिपी येत नव्हती. मामी होत्या तोवर निरोप जायचे-यायचे. मामी गेल्यावर पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामा सांगायचे, मी लिहायचो. उत्तर दिवाळीला यायचं, एका कार्डावर: 'इकडे सर्व ठीक. आपली प्रकृती जपावी.'

एवढ्या कोरड्या उत्तराचं कारण मला रशीदभाईंनी सांगितलं. लग्नात मामांनी शिसमचा पलंग कबूल केला होता. एका पायात फरक राहिला म्हणून तो दिला नाही. सासरच्यांनी शकुंतलेला दोन वर्षं ऐकवलं. "तुझा बाप पलंग घडवतोय की झाड लावलंय?" शेवटी मामांनी पलंग ट्रकमध्ये घालून पाठवला, तेव्हा तिनं तो उतरूच दिला नाही. त्याच ट्रकनं परत पाठवला.

पुढे तिनं दोन लेकरं सांभाळून डी.एड. केलं. शाळेत नोकरी लागल्याचं मामांना पाहुण्यांकडून कळलं. ती सोमवारी हजर होणार होती. मधे बारा दिवस होते.

"मास्तर," मामा म्हणाले, "पोरगी मास्तरीण झाली. तिला पेन देतो. आन् सोमवारच्या आत देतो."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

पेन चार लाकडांचं होतं. चार चकत्या, बोटाच्या पेराएवढ्या, एका पितळी नळीवर सरसानं चिकटवायच्या आणि मग खरादीवर एकजीव करायच्या. पहिली तिच्या पाळण्याच्या सागवानाची. दुसरी तिच्या फुटलेल्या पाटीच्या चौकटीची. तिसरी मामींच्या लाटण्याची, बाभळीची. चौथी परत आलेल्या पलंगाच्या पायाची. तो पाय त्यांनी माझ्यादेखत करवतीनं कापला. प्रत्येक चकतीवर तिच्या नावाचं एक अक्षर तापल्या तारेनं डागायचं होतं. माझ्याकडून त्यांनी चार चिठ्ठ्यांवर चार अक्षरं लिहून घेतली आणि नक्षी उतरवावी तशी उतरवली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पेन माझ्या हातात ठेवलं. कुठे सांधा लागत नव्हता. चार रंग एकातून एक उगवल्यासारखे होते. मी टोकाकडून वाचलं: ला, त, कुं, श.

"मामा, हे लातकुंश झालं."

त्यांनी पेन घेतलं आणि उजवीकडून एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. मग थांबले. मराठी डावीकडून असते हे त्यांना ठाऊक होतं. पाट्या काय त्यांनी पाहिल्या नव्हत्या? पण चिठ्ठ्या मांडताना हात लहानपणच्या वळणानं गेला होता.

"पेन फिरवलं तर?"

"अक्षरं डोक्यावर उभी राहतील," मी म्हणालो. "पण चकत्या परत करता येतील ना?"

"येतील. आठ दिवस लागतील."

खराद बंद होती. मामांनी पेन डोळ्यापुढे धरलं आणि एक डोळा मिटला. अर्ध्या सुतासाठी ज्यांनी पोरीचा पलंग अडवला, ते आता काय म्हणणार हे मला माहीत होतं. मी पायरीवरून उठलोसुद्धा.

"जाऊ द्या तसंच," ते म्हणाले.

"मामा?"

"जाऊ द्या म्हनलं ना. सोबतच्या चिठ्ठीत लिवा, उजवीकडून वाच. आन् ते पाळणा, पाटी समदं लिवा. पलंगाचं बी." मग म्हणाले, "वैजापूरची यष्टी किती वाजता हाय? कंडक्टरजवळ देऊ. टपालाचं खरं नाय."

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट. मी नेहमीसारखं दुकानाच्या पायरीवर बसून वाचून दाखवलं. शकुंतलेनं लिहिलं होतं, पेन रविवारी पोचलं. हजेरीपटावरची पहिली सही त्यानंच केली. हेडमास्तरांनी विचारलं, बाई, हे लातकुंश काय आहे? तर मी म्हटलं, माझंच नाव आहे, माझ्या वडिलांच्या हातचं.

मी पान उलटलं आणि थांबलो. खाली तीन ओळी उर्दूत होत्या. मोठी, थरथरती अक्षरं. तिच्या शाळेत उर्दूचे कोणी गुरुजी असावेत, त्यांच्याकडून गिरवून घेतलेली.

"काय झालं? वाचा की."

"हे मला येत नाही, मामा. तुम्हालाच वाचावं लागेल."

मामांनी हात धोतराला पुसले आणि कागद घेऊन दारातल्या उजेडात गेले. तीन ओळींना त्यांना खूप वेळ लागला. रशीदभाईंनी समोरून काहीतरी विचारलं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"चुका लई हायेत," मामा म्हणाले आणि कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

उत्तर लिहायला बोलावतील म्हणून मी दोन-तीन संध्याकाळी दौत-कागद घेऊन तयार होतो. त्यांनी बोलावलं नाही. खाली दिव्याच्या उजेडात ते स्वतःच कागदावर उजवीकडून लिहीत बसले होते.