हर्डीकरांच्या न झालेल्या अटकेची गोष्ट

सज्जन माणसाची व्याख्या कायद्यात कुठेही दिलेली नाही. तरी ज्याचं नाव पोलिसांच्या कुठल्याच कागदावर नाही, त्याला सज्जन म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यासाठी त्या माणसाला फारसं काही करावं लागत नाही. किंबहुना काहीच न करणं ही सज्जनपणाची पहिली अट, आणि बहुतेक ठिकाणी शेवटचीही.

श्यामसुंदर हर्डीकर ही अट जन्मापासून पाळत आले होते. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि कोपरखैरण्यातल्या 'सदाचार' सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी नोटीस बोर्डावर लावलेल्या सूचनांपैकी ('गच्चीत पापड वाळत घालू नयेत', 'लिफ्टमध्ये उभे राहून लिफ्टविषयी तक्रार करू नये') एकीचंही पालन कधी झालं नव्हतं, पण शुद्धलेखनाची चूकही कधी निघाली नव्हती. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी त्यांच्या हातात असायची. झेंडा उलगडला आणि त्यातल्या पाकळ्या डोक्यावर पडल्या की हर्डीकरांचे डोळे भरून यायचे. हे खरं सांगतोय, यात थट्टा नाही.

त्या डिसेंबरात पाण्याने दगा दिला. शेजारच्या बोनकोडे गावात नळ कोरडे, आणि तीच पाइपलाइन पुढे येते म्हणून सदाचारही कोरडी. गावाने पाण्याच्या कार्यालयावर मोर्चा काढायचं ठरवलं. सदाचारने टँकर मागवायचं ठरवलं आणि 'या देशाचं काही खरं नाही' हा मेसेज ग्रुपवर एकमताने संमत केला. ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे लढा दिला म्हणायचा.

मोर्च्याच्या सकाळी हर्डीकर पिशवी घेऊन वाशीच्या मार्केटला मटार आणायला निघाले. स्टॉपपाशी ही गर्दी, घोषणा, आणि समोर उभी सिटी बस. आता पोलिसांच्या गाड्या कमी पडल्या की धरलेल्या लोकांना न्यायला सिटी बसच मागवतात, हे हर्डीकरांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. सज्जनांना असल्या गोष्टी कुठून माहीत असणार? त्यांना दिसली फक्त रिकामी खिडकी. पोलिसांनी लोकांना बसमध्ये ढकलायचं, अशी रीत आहे. पोलिसांनाच ढकलून आत शिरलेले हर्डीकर पहिले. वर ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवर बसलेल्या एका आंदोलकाला त्यांनी उठवलंसुद्धा.

"एक वाशी," ते दारातल्या हवालदाराला म्हणाले.

"बसा बाबा. आज फुकट."

निवडणूक जवळ आली असणार, असं अनुमान काढून हर्डीकरांनी खिडकी उघडली.

शेजारी बसला होता चांगदेव मढवी, बोनकोड्याचा, मोर्च्याचा म्होरक्या. "काका, तुमी सदाचारचे ना? तुमालापन पानी नाय येत ना?"

"पाणी? अहो, थेंब नाही!" हर्डीकर उसळले, आणि वाशी येईपर्यंत (ती आलीच नाही) पाण्यावर इतकं पोटतिडकीने बोलले की मागच्या सीटवरून त्यांच्या नावाने दोन घोषणा झाल्या. एवढं लक्ष देऊन त्यांचं म्हणणं आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. सोसायटीच्या सभेत तर लोक त्यांच्या भाषणाला चहा ठेवायला उठत.

बस एका पोलीस मैदानात जाऊन थांबली, तेव्हा कुठे हर्डीकरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर हातात वडापाव आला होता, आणि फुकटचा वडापाव अर्धा टाकून उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, फोटो. फोटो म्हटल्यावर सेक्रेटरीचे पाय आपसूक पहिल्या रांगेत, मधोमध जातात. हर्डीकर गेले. हसले पण. संध्याकाळी सगळ्यांना सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी 'खाडीकाठची खबर' या स्थानिक पोर्टलवर तो फोटो झळकला. मथळा: 'आंदोलकांची धरपकड, मुख्य सूत्रधार जेरबंद'. मुख्य सूत्रधाराभोवती लाल गोल होता. गोलात हर्डीकर. खाली बारीक अक्षरात, 'हातातील पिशवीत काय होते याचा तपास सुरू'.

सदाचारमधली आकडेवारी पुढीलप्रमाणे. फोटो पाहिलेले सभासद: शंभर टक्के. 'अरेरे' लिहिणारे: तीस टक्के. 'मला आधीपासूनच डाउट होता' असं जिन्यात म्हणणारे: उरलेले सत्तर. नक्की काय झालं, असं खुद्द हर्डीकरांना विचारणारे: (माहिती उपलब्ध नाही).

कमिटीची तातडीची बैठक झाली. सेक्रेटरींनी पोलिसांतली आपली नोंद साफ करून आणावी, तोवर झेंड्याला हात लावू नये, असं ठरलं. "सर, पर्सनल काही नाही," खजिनदार इंद्रजित साळवी म्हणाला. "पण लहान मुलं असतात ना समोर." हर्डीकर घरी येऊन नुसते बसून राहिले. बायकोने, मीनाताईंनी, पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला.

मग सुरू झाला शोध. पोलीस ठाण्यातला कारकून सभ्य होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, कपाटात पाहिलं, टेबलाखालीही पाहिलं. "बाबा, तुमची नोंदच नाही. दिवसभर बसवून सोडलेल्यांवर केस कुठली?"

"मग मला अटक झालीच नाही?"

"नाही ना!"

हर्डीकर आनंदाने पोर्टलच्या संपादकाकडे गेले. संपादक म्हणाला, "अटक रद्द झाल्याचं पोलिसांचं पत्र आणा, लगेच फोटो काढून टाकतो." पोलीस म्हणाले, न झालेली अटक रद्द कशी करणार? दोघांचंही बरोबर होतं. आपल्याकडे माणसाचं काम अडतं ते सहसा सगळ्यांचंच बरोबर असल्यामुळे.

शेवटी वाशीचा विश्वजित गाठला. भाडेकरार, पासपोर्ट, मृत्यूचे दाखले अशी शुभाशुभ कामं करणारा हा एजंट. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, नोंद असती तर टेन्शनच नव्हतं. ती काढायची प्रोसिजर आहे. पण नसलेली नोंद काढायची म्हणजे आधी ती करून घ्यायला लागेल. एखादा छोटासा गुन्हा जमेल का?"

यावर हर्डीकरांनी गंभीरपणे विचार केला, ही लाजेची गोष्ट असली तरी खरी आहे. मीनाताईंनीच त्यांना भानावर आणलं. "बसची रांग सोडली तर आयुष्यात काही मोडलं नाहीत तुम्ही. गुन्हा कसला करताय? गप चारित्र्याचा दाखला काढा."

दाखला निघाला. 'सदर इसमाविरुद्ध काहीही आढळून आले नाही.' हर्डीकरांनी तो लॅमिनेट करून घेतला. साठ वर्षांच्या आयुष्याचा एवढा नेमका गोषवारा दुसऱ्या कुणाला जमला नसता.

मधल्या काळात पाणी आलं. मोर्च्यामुळे कार्यालय हललं, पाइपलाइन दुरुस्त झाली, बोनकोड्याबरोबर सदाचारच्या टाक्याही भरून वाहू लागल्या. ग्रुपवर कमिटीचं अभिनंदन झालं. (कमिटीने ते नम्रपणे स्वीकारलं.)

सव्वीस जानेवारीला कमिटीने झेंडा हर्डीकरांना परत दिला. अट एकच, आधी सर्वांसमोर दाखला वाचायचा आणि आपला आंदोलनाशी संबंध नव्हता असं जाहीर करायचं. त्यात खोटं काहीच नव्हतं. इस्त्रीचा कुर्ता घालून हर्डीकर उभे राहिले आणि त्यांनी वाचलं. "त्या बसमध्ये मी चुकून चढलो. माझा या लोकांशी काहीही संबंध नाही." टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर गेटकडे लक्ष गेलं. तिथे चांगदेव मढवी उभा होता, हातात झेंडूचा हार आणि मागे गावातली चारपाच माणसं. पाणी आलं म्हणून काकांचा सत्कार करायला आली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जमीन दुभंगेल तर बरं, असं हर्डीकरांना मनापासून वाटलं.

चांगदेव मात्र हसला. "असूंदे काका. तुमी निदान चुकून तरी चढलाव." त्याने सगळ्या सोसायटीवरून नजर फिरवली. "ह्यांच्यातला तर चुकूनपन कोन चढला नाय."

मग हर्डीकरांनी जाऊन हारासाठी मान वाकवली. हार घातल्यावर चांगदेव म्हणाला, "येतो काका. सोमवारी दिघ्याला मोर्च्याला जायचा हाय, तिथं अजून पानी नाय."

हर्डीकरांनी लॅमिनेशन केलेला दाखला साळवीच्या हातात दिला, झेंड्याची दोरीही दिली, आणि गेटपर्यंत जाऊन हळूच विचारलं, "बस कुठून सुटते?"

हर्डीकरांची पोलिसांत नोंद आता झालेली आहे, आणि ती काढून टाकण्यासाठी त्यांनी अर्ज केलेला नाही. राहता राहिले वाचक. नियमानुसार त्यांचीही पडताळणी करून घेतली. काहीही आढळून आले नाही. अभिनंदन.