सबनिसांचा एकशे दहावा ठिपका

सबनिसांनी माझी ओळख त्यांच्या बायकोला करून दिली ती अशी : "हे शेजारचे गोखले. मंद, गोलसर, मध्यभागी किंचित उजळ."

मध्यभागी म्हणजे माझं टक्कल. मी लिफ्टमध्ये दुधाचा कॅन घेऊन उभा होतो. रागवावं की हसावं ते ठरेपर्यंत नववा मजला आला.

पुढे कळलं की हा माणूस अपमान करत नाही, नोंद करतो. आकाशात तारे सोडून जे धूसर ठिपके असतात, कुठे तेजोमेघ, कुठे तारकागुच्छ, कुठे दूरची दीर्घिका, त्यांच्या जुन्या याद्या आहेत. त्यात प्रत्येक ठिपक्यापुढे असंच दोन-तीन शब्दांत वर्णन असतं. सबनिसांच्या तोंडात ती भाषा बसली होती. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा शिरा दिला, तर म्हणाले, "दाट, असमान, कडेला विखुरलेला." त्यानंतर सहा महिने त्यांना आमच्याकडे फक्त चहा मिळाला.

त्यांची लाडकी यादी एकशे दहा ठिपक्यांची. ती म्हणे कुणा फ्रेंच माणसाने धूमकेतू शोधता शोधता केली. धूमकेतू वाटतो पण नसतो, असं जे जे दिसलं ते त्याने लिहून ठेवलं. थोडक्यात, ज्याच्या नादी लागू नये अशा गोष्टींची ती यादी. सबनीस पंधरा वर्षं तिच्या नादी लागले होते.

तेही कुठून? बिशान या वस्तीतल्या आमच्या कारपार्कच्या गच्चीवरून. इथलं आकाश दिव्यांनी नारिंगी होतं, चार तारे दिसले तर सण. सिंगापुरात दीर्घिका शोधणं म्हणजे लक्ष्मी रोडवर ध्यान लावणं. रोज संध्याकाळी तिथे चालायला येणाऱ्या एक चिनी आंटी विचारायच्या, "मून अह, अंकल?"

"नो, आंटी. गॅलेक्सी."

आंटी वर बघायच्या, मग सबनिसांकडे बघायच्या. "व्हेअर गॉट?", म्हणजे कुठाय, असं म्हणून पुढे चालू लागायच्या. आंटींचं मला पटायचं.

सबनिसांचा नियम कडक. प्रत्येक ठिपका दोघांनी बघायचा. एकमेकांशी न बोलता, आपापल्या पानावर, जसा दिसला तसा काढायचा. मग दोघांच्या सह्या. "दिसलं ते दिसलं, नाही ते नाही," हे त्यांचं पालुपद.

दुसरी सही त्यांच्या मुलीची, इराची. नवव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत पोरीने एकशे नऊ सह्या केल्या. काही मलेशियाच्या किनाऱ्यावर अंधारात जाऊन, पण बहुतेक याच कारपार्कवर. एक उरला, यादीतला चौऱ्याहत्तरावा, एम-चौऱ्याहत्तर, सगळ्यांत फिकट. तेवढ्यात तिच्या परीक्षा आल्या, मग मेलबर्नचं कॉलेज, मग तिथेच नोकरी. आता दर रविवारी फोन : "हाय बाबा, ऑल गुड, ओके बाय."

यंदा डिसेंबरअखेर सबनिसांचा इथल्या नोकरीचा पास संपत होता. वहिनी घर लावायला पुण्याला पुढे गेल्या होत्या आणि इरा चार दिवस सामान बांधायला येणार होती. सबनिसांच्या डोक्यात एकच : ती येईपर्यंत वही पुरी झालेली हवी. तिच्या हातात ठेवायची. दुसऱ्या सहीसाठी त्यांनी मला धरलं.

अकरा संध्याकाळी ढग. बाराव्या दिवशी आठ वाजता आकाश मोकळं झालं. मी दुर्बिणीला डोळा लावला. काही नाही. नारिंगी धुकं आणि पाच-सहा तारे. पण हा माणूस शेजारी श्वास रोखून उभा! माझ्याच्याने राहवेना. मी पाठ फिरवली, फोनवर एम-चौऱ्याहत्तरचा फोटो शोधला आणि भोवतालच्या ताऱ्यांसकट छान भोवरा चितारला.

सबनिसांनी त्यांचं पान समोर ठेवलं. त्यावर पाच तारे. बाकी कोरं.

"मला दिसलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला दिसलेलं दिसतंय."

मग माझं पान त्यांनी हळूच उलटं धरलं. "गोखले, ही आरशाची दुर्बीण. हिच्यात सगळं उलटं दिसतं. तुमचं सुलट आहे. फोटोसारखं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले नाहीत. "चित्र कसं काढतात ते बघा," म्हणून त्यांनी इराची जुनी वही माझ्या हातात दिली आणि दुर्बीण आवरायला लागले.

मी पानं उलटली. मलेशियातली चित्रं उलटी होती. कारपार्कवरची एकूण एक सुलट. नऊ वर्षांच्या पोरीने पुस्तकात बघून, जीभ बाहेर काढून काढली असणार. यांना कळलं तर? मी वही मिटून मुकाट्याने परत दिली.

इरा आली. तिसऱ्या संध्याकाळी सबनीस तिला गच्चीवर घेऊन गेले. त्यांची खोकी बांधायला दोरी मागायला मी मागोमाग गेलो आणि जिन्यातच थबकलो.

ती बराच वेळ डोळा लावून उभी होती. सबनिसांनी पेन्सिल पुढे केली. तिने घेतली नाही.

"बाबा, मला काहीच दिसत नाहीये. आय मीन, इथून कधीच दिसायचं नाही. मी पुस्तकातून काढायचे. सॉरी."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या चित्रापासून."

"मग बोलला का नाहीस? तू तर सगळ्यांच्या चुका काढतोस!"

सबनिसांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तू आली नसतीस."

दोरी न मागताच मी खाली आलो.