भाजलेली हिरवळ

"हिरवळ ही सुसंस्कृत घराची पहिली खूण आहे, साहेब! मी ती बारा महिने राखतो," असं माधवराव भर कचेरीत म्हणाले. ती हिरवळ बारा फूट बाय दहा फूट होती. भिवंडीच्या मागांवरून उडणारा कापूस तिच्यावर इतका बसे, की हिवाळ्यात तिला पाण्याआधी झाडू मारावा लागे. उन्हाळ्यात ती त्यांच्या पत्नी सुमतीबाईंच्या धुण्याच्या पाण्यावर जगे.

नवे साहेब केसरीनाथ पाटील बुटांपासून बोलण्यापर्यंत कडक इस्त्रीचे. "जुलैच्या दुसऱ्या रविवारी पाहायला येतो," ते म्हणाले. "बदल्यांची यादी सोमवारी पाठवायचीय."

त्या यादीत माधवरावांच्या नावापुढे चंद्रपूर होतं, आणि त्यांची मुलगी नीला बारावीला होती.

मे महिन्यात माधवराव लग्नाला सांगलीला गेले. जाताना शेलार गावाहून दूध घालायला येणाऱ्या तुळशीरामला म्हणाले, "पावसाच्या आधी जमिनीची मशागत करून ठेव. आपलंच शेत समज."

तुळशीरामने तसंच समजलं. माधवराव परतले, तेव्हा कुंपणाच्या आत काळाकुट्ट चौकोन होता.

"अरे, जाळलीस?"

"भाजली. शेन, पालापाचोला टाकून बराबर भाजली. रोपांचा राब भाजल्याबगर भात उगल कसा?"

"भात कुणी सांगितला होता?"

"मंग गवत कोन मुद्दाम लावतं, भाऊ?"

माधवरावांनी बोटांवर महिने मोजले. नवं गवत धरायला दिवाळी उजाडली असती. शेवटी तुळशीरामलाच दया आली. "पाऊस पडला का भातच पेरतो. यीस दिसांत गालिचा! लांबून कोनाला कलतंय?"

माधवरावांनी गुन्ह्याला संमती द्यावी तशी मान हलवली.

गालिचा आला. असा हिरवा रंग त्या घराने कधी पाहिला नव्हता. पण गवताला थांबायची सवय असते, भाताला नसते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो वीतभर झाला.

"आता कापणीला माणसं बघायची का?" सुमतीबाईंनी विचारलं. मग नीलाने छत्री धरली आणि नवरा-बायकोने उकिडवं बसून शिवणाच्या कात्रीने शेंडे सारखे केले. रोज. शनिवारी दोनदा.

रविवारी साहेब आले. त्यांची खुर्ची व्हरांड्यात, शक्य तितकी लांब मांडली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बूट काढले, सरळ हिरवळीच्या कडेला जाऊन वाकले आणि एक काडी मुळासकट उपटली. माधवरावांना चंद्रपूरचं स्टेशन दिसू लागलं.

"ही तुमची हिरवळ?"

"हो... म्हणजे, पावसाळी जात आहे."

साहेबांनी मूळ बोटांत चोळलं. "बाईंना चहाचं बघायला सांगा."

सुमतीबाई नीलाला घेऊन आत गेल्या. साहेबांनी कुंपणापलीकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्या आवाजाची इस्त्री पार उतरली होती.

"कोलम हाय ना?"

माधवरावांनी कबूल केलं. "हो."

"शेंडे खुडले त्ये ब्येस केलं. रोप जोर धरतंय."

"साहेब, ती यादी..."

"यादीचं मी बगतो. नाव काडतो तुमचं." साहेबांनी काडी अलगद परत मातीत खोचली. "आमच्या अंबाडी गावचा भाताचा राब पान्यात कुजला हो. आय दोन दिस धड जेवली न्हाय. रोपांच्या धा-पंधरा जुड्या द्याल का? न् घरात एखादं गोनपाट असंल तर..."